दीर्घकार्यी इन्सुलिन आणि आकस्मिक अल्पशर्करा

साखर कारखान्याच्या कासारसाई परिसरातही इन्सुलिन घेणारा मधुमेही अभ्यंग-स्वेदनासाठी वैद्यांकडे येतो. तेथे आपली दक्षता प्राणरक्षक ठरते.

ग्लार्जिन हे आम्लद्रावण आहे. त्वचेखाली त्याचे सूक्ष्म कण साकळतात आणि सुमारे २४ तास हळूहळू विरघळतात. सुई मांसधातूत गेल्यास शोषण शीघ्र होते व रक्तशर्करा एकाएकी घसरते. म्हणून टोचलेल्या जागी मर्दन वा स्वेदन करू नये.

स्वेदाधिक्य, कंप, हृद्‌द्रव, भ्रम यांस केवळ वातप्रकोप मानू नये. रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमहून कमी असल्यास १५ ग्रॅम साखर पाण्यातून द्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे, नंतर आहार द्यावा. तपासणीची सोय नसल्यास साखर देण्यास विलंब नको. औषधाचा प्रभाव दीर्घ असल्याने लक्षणे पुन्हा उद्भवू शकतात. मूर्च्छिताच्या मुखात काहीही न घालता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी.

कारले, मेथी, गुडमार यांची औषधे देताना अथवा विकताना, तसेच लंघन सांगताना, इन्सुलिनविषयी पृच्छा अवश्य करावी. मात्रेतील बदल मात्र संबंधित चिकित्सकाच्या सल्ल्यानेच व्हावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.