एन्ड्युरन्स: दोन आकड्यांवरून सापडलेलं जहाज

शॅकल्टनची अंटार्क्टिक मोहीम आपल्याला माहीत असते ती धैर्याची कथा म्हणून. त्याचं 'साऊथ' 1919 मध्ये आलं, अजून वाचलं जातं. पण त्याचं जहाज शोधायला उपयोगी पडला तो अगदी रुक्ष मजकूर: कप्तान फ्रँक वॉर्स्लीने नोंदवून ठेवलेले अक्षांश आणि रेखांश.

'एन्ड्युरन्स' वेडेल समुद्रात बर्फात अडकलं, चेपलं गेलं आणि 21 नोव्हेंबर 1915 रोजी बुडालं. त्या दिवशी आभाळ भरलेलं. सूर्य नसेल तर सेक्स्टंट म्हणजे नुसतं पितळ! मोजमाप मिळालं ते दुसऱ्या दिवशी. पण ज्या बर्फावर तंबू होते, तो बर्फच सारखा सरकत होता. शिवाय घड्याळं. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणजे घड्याळ एक मिनिट चुकलं की रेखांश पाव अंशाने चुकतो. त्या ठिकाणी हे अंतर जवळजवळ 10 किलोमीटर भरतं. म्हणून जून महिन्यातच, चंद्राआड जाणारे तारे पाहून, त्यांनी घड्याळं पडताळून घेतली होती.

अशी नोंद कशी वाचायची? जुन्या हस्तलिखितासारखीच: विश्वास ठेवायचा, पण चूक कुठे शिरली असेल तेही बघायचं. शोधपथकाने नोंदलेल्या जागेभोवती मोठा पट्टा आखून घेतला. 2019 च्या प्रयत्नात पाण्याखालचं यंत्र बर्फाखाली हरवलं होतं. 2022 मध्ये 'अगुल्हास 2' या जहाजावरून सोडलेलं यंत्र बारीक केबलने बांधलेलं होतं, आणि ते ध्वनिलहरी सोडत तळ चाचपत गेलं. 5 मार्चला 'एन्ड्युरन्स' सापडलं, 3,008 मीटर खोल, नोंदीपासून साधारण 4 मैल दक्षिणेला. ढगाळ दिवस आणि सरकता बर्फ धरला तर मला ही चूक फार लहान वाटते.

जहाज तळावर सरळ उभं आहे. मागच्या बाजूला नाव स्पष्ट वाचता येतं, त्याखाली तारा. जहाजाचं आधीचं नाव 'पोलारिस', म्हणजे ध्रुवतारा, त्याचीच ही खूण. अंटार्क्टिकात झाडं नाहीत, त्यामुळे लाकूड पोखरणारे समुद्री किडेही तिथे नाहीत. अंटार्क्टिक करारानुसार ते संरक्षित स्मारक आहे, म्हणून पथकाने कशालाच हात लावला नाही, फक्त चित्रण केलं. 2024 मध्ये त्यातून तयार केलेल्या त्रिमितीय प्रतिमा आल्या. त्यांत जेवणाच्या ताटल्या दिसतात, इशाऱ्याचं पिस्तूल दिसतं, आणि कुणाचा तरी एक बूट.