व्हिसा लागत नाही, म्हणजे नेमके काय लागत नाही?
(मॉरिशसला जाऊ इच्छिणाऱ्या सभासदांसाठी)



गळीत हंगाम आटोपला, उसाची बिले खात्यावर पडली, की शेती विभागात खताबेण्याशी संबंध नसलेली एक विचारणा हल्ली होऊ लागली आहे. "साहेब, मॉरिशसला व्हिसा लागत नाही म्हणे. मग तिकीट काढलं की झालं ना?" कोणी सहकुटुंब फिरायला जाणार असतो, कोणाला तिथला ऊस पाहायचा असतो, आणि कोणाच्या मुलाला "व्हिसा नको, चल, नोकरी तयार आहे" असे एखाद्याने सांगितलेले असते. तिघांचा प्रश्न एकच, पण उत्तर एक नाही. म्हणून या अंकात ऊस थोडा बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे.

गेटकेनचा दाखला

पासपोर्ट आपले सरकार देते. हा माणूस कोण, कुठला, भारताचा नागरिक आहे की नाही, याचा तो दाखला. व्हिसा देते ते समोरच्या देशाचे सरकार. आमच्याकडे यायला हरकत नाही, अशी ती आगाऊ परवानगी.

आता आपल्या भाषेत सांगतो. नोंदीच्या उसाला आधी तोड चिठ्ठी मिळते, मग गाडी येते. गेटकेनचे तसे नसते. तो ऊस नोंदीशिवाय थेट गेटवर येतो. पण म्हणून ती गाडी सरळ गव्हाणीत रिकामी होत नाही. केनयार्डात उभी राहते. ऊस जळका आहे काय, पाचट-वाढे किती, माल कोणाचा, हे पाहिले जाते. नापसंत ठरला तर गाडी परत, आणि भाड्याचा भुर्दंड आणणाऱ्याच्या माथी.

व्हिसाशिवाय प्रवास हा असा गेटकेन आहे. आगाऊ चिठ्ठी माफ आहे, तपासणी माफ नाही. आत घ्यायचे की नाही हे तिथला अधिकारी विमानतळावर ठरवतो. परत पाठवायची वेळ आली तर तो माणूस विमान कंपनीलाच परत न्यावा लागतो. म्हणून कंपनीचे लोक मुंबईलाच कागद पाहतात आणि अपुरे वाटले तर विमानात बसू देत नाहीत.

रत्नागिरीचा माणूस आणि मॉरिशसचा ऊस

रत्नागिरी जिल्हा काही उसाचा नव्हे. भात, नाचणी, आंबा, काजू ही तिथली पिके. तरीसुद्धा समुद्रापलीकडच्या एका बेटावरचा ऊस वाढवण्यात रत्नागिरीच्या माणसांचा घाम आहे.

इंग्रजांनी गुलामगिरी बंद केल्यावर मॉरिशसच्या ऊसमळ्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' जहाजातून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुई बंदरात आले. ते कलकत्त्याहून आले होते. पुढे मद्रास आणि मुंबई बंदरांतूनही भरती झाली. मुंबईहून गेलेल्या मराठी माणसांत रत्नागिरीकर मोठ्या संख्येने होते. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजच्या सिंधुदुर्गाचाही बराच भाग येत असे. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली.

बंदरावर उतरले की मजुरांना आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढाव्या लागत. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख मजूर पोर्ट लुई बंदरातून गेले. १८४९ पासून उभारलेला हा घाट २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

या माणसांना कोणी व्हिसा विचारला नाही. कागद मात्र पुष्कळ होते. वहीत नंबर पडे. नाव, बापाचे नाव, जात, वय, उंची, गाव, जिल्हा, जहाज, सगळे लिहिले जाई. कागद त्यांच्याविषयी होता, पण त्यांच्या ताब्यात नव्हता. अंगठा कशावर उठवला हे पुष्कळांना ठाऊक नसे. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या मजुरालासुद्धा स्वतःचा फोटो लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ बाळगावा लागे. तो नसला की भटका म्हणून पकडत.

फसवणुकीची ओरड इतकी झाली की १८३९ साली हिंदुस्थान सरकारने मजूर पाठवणेच बंद केले. १८४२ च्या कायद्याने ते अटी घालून पुन्हा सुरू झाले. परदेशी जाणाऱ्या मजुरांची देखरेख करणारा सरकारी अधिकारी, म्हणजे 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स', हे पद त्या जमान्यातले. त्याच नावाचे कार्यालय मुंबईत आजही आहे. दीडशे वर्षांहून अधिक काळ एखादे पद टिकते, याचा अर्थ त्याची गरज संपलेली नाही.

आज गेटवर काय विचारतात?

मुंबईहून विमानाने मॉरिशस साधारण सहा तासांचे. भारतीय पासपोर्टवर फिरायला जाणाऱ्याला आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. मात्र पुढील गोष्टी जवळ हव्यात.

१. पासपोर्ट. परत येण्याच्या तारखेनंतर निदान सहा महिने मुदत शिल्लक असलेला बरा. छत्तीस पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये आणि मोठ्या माणसाला त्याची मुदत दहा वर्षे. सातबारावर एक नाव, आधारवर दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरे, हा प्रकार आपल्या सभासदांत फार. तो अर्ज करण्यापूर्वीच निस्तरावा.

२. परतीचे तिकीट. जायचे तिकीट आहे, यायचे नाही, असा माणूस पाहुणा कसा समजणार?

३. मुक्कामाचा पुरावा. हॉटेलची नोंद, किंवा तिथल्या आप्ताकडे उतरणार असाल तर त्यांचे पत्र आणि पत्ता.

४. खर्चापुरते पैसे. माणशी दिवसाला निदान १०० अमेरिकी डॉलर, असा तिथला दंडक आहे. रोख, कार्ड, बँकेचा उतारा, जे असेल ते दाखवता आले पाहिजे.

५. प्रवासापूर्वी भरायचा अर्ज. हल्ली तो संगणकावर किंवा मोबाईलवर भरतात. मॉरिशस सरकारच्याच संकेतस्थळावर भरावा.

पिवळ्या तापाची लस भारतातून थेट जाणाऱ्याला लागत नाही. तो रोग असलेल्या आफ्रिकेतील देशांतून फिरून जाणार असाल तर दाखला लागतो. हे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी मॉरिशसच्या वकिलातीची ताजी माहिती पाहावी. किती दिवस राहता येईल हे अधिकारी शिक्का मारताना ठरवतो. तो शिक्का तिथेच वाचावा, घरी येऊन नव्हे.

बेणे खिशात घालू नये

ही आमच्या खात्याची खास सूचना. मॉरिशसची ऊसतोड जूनच्या सुमारास सुरू होते आणि डिसेंबरपर्यंत चालते. आपला पट्टा दसरा-दिवाळीनंतर पडतो. तेव्हा जुलै-ऑगस्टात गेलात तर तिथली तोड पाहायला मिळेल. रेड्युई येथे १९५३ साली स्थापन झालेली ऊस संशोधन संस्थाही आहे.

चांगला ऊस दिसला की आपला हात शिवशिवतो. "दोन डोळ्यांचं टिपरं, कोण बघतंय?" असे करू नये. मॉरिशसमध्ये ऊस किंवा उसाचा कोणताही भाग नेण्यास बंदी आहे. इकडेही २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशामुळे परदेशी बेणे परवानगीशिवाय आणता येत नाही. काणी, गवताळ वाढ, लाल कूज हे रोग बेण्यातूनच पसरतात, हे आपण जाणता. बाहेरचा नवा रोग एका टिपऱ्यातून आला तर नुकसान एका फडाचे होणार नाही, साऱ्या कार्यक्षेत्राचे होईल.

पाहुणा आणि कामगार

आता सर्वांत महत्त्वाचे. व्हिसाची माफी पाहुण्याला आहे, कामगाराला नाही. मॉरिशसमध्ये काम करायचे तर कामाचा आणि राहण्याचा परवाना वेगळा लागतो. "आधी फिरायला म्हणून चल, कागद तिकडे गेल्यावर करू" असे जो सांगतो तो तुमच्या मुलाला बेकायदा कामगार करून ठेवतो. अशा मुलाला पगार बुडाला तरी तक्रार करायला तोंड राहत नाही.

हा धोका मॉरिशसपुरता नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसात सूट दिली. नोकरीच्या आमिषाने बँकॉकला गेलेल्या कित्येक तरुणांना तेथून म्यानमारच्या हद्दीत नेले गेले, पासपोर्ट काढून घेतले गेले आणि संगणकावरून लोकांना फसवण्याच्या कामाला जुंपले गेले. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारला हवाई दलाची विमाने पाठवून पाचशेंहून अधिक माणसे परत आणावी लागली. त्यांत महाराष्ट्रातलेही तरुण होते.

उचल घेतलेला माणूस हंगामभर कसा बांधला जातो, हे ऊसपट्ट्यात कोणाला शिकवायला नको. पासपोर्ट दुसऱ्याच्या खिशात गेला की तसेच होते, फक्त मुकादम परका आणि मुलूख परका.

परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर आहे. त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. दहावी न झालेल्याला आखाती आणि इतर मिळून अठरा देशांत नोकरीस जाताना प्रोटेक्टरची मंजुरी लागते. लाखोंचा आकडा सांगणारा आणि नोंदणी क्रमांक विचारला की चिडणारा एजंट दिसला, तर चहा पाजून वाटेला लावावा.

नोंदीचे मोल

मॉरिशसला गेलेल्यांपैकी पुष्कळजण तिथलेच झाले. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. आज तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि कोकणची जाखडी 'झाकरी' या नावाने नाचतात. बापू, बाबाजी ही साधी नावे तिथे आडनावे होऊन बसली आहेत.

त्या जुन्या वह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पोर्ट लुई येथे जाहीर केले की, मूळच्या भारतीयांच्या सातव्या पिढीलाही भारताचे परदेशस्थ नागरिक कार्ड मिळू शकेल. ते मागताना पूर्वज भारतातून आला हे दाखवावे लागते, आणि दाखवणार कशावर? त्याच वहीतल्या नोंदीवर. ज्या नोंदीने पणजोबाला मळ्याशी बांधले, तीच आज पणतवंडाला रत्नागिरीतील गावाचे नाव सांगते. असा कोणी आपले गाव शोधत आला, तर त्याला ग्रामपंचायतीपर्यंत सोबत करावी.

सभासदहो, जरूर जा. पासपोर्ट स्वतःच्या खिशात ठेवा, परतीचे तिकीट जवळ ठेवा, शिक्का वाचून पुढे चला. आणि घरातला मुलगा नोकरीसाठी निघाला असेल, तर कामाचा परवाना हातात आल्याशिवाय त्याला विमानात बसवू नका.

— ऊस विकास अधिकारी