लग्नाचा व्हिडिओ : आधी आवाज जपा

प्रश्न : मार्गशीर्षात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे. मांडव दारातच, हळदही घरीच. दोन व्हिडिओवाले बघितले. एकाने मोबाइलवर तीन मिनिटांचा ट्रेलर दाखवला, त्यात ड्रोन, स्लो मोशन सगळं होतं. दुसरा म्हणाला, ‘पूर्ण शूटिंग देतो, काळजी सोडा.’ दोघांच्या पैशांत बराच फरक आहे. व्यावसायिक माणसाकडून नेमकं काय मिळायला हवं? आणि आमच्या कोंडाण्याच्या लेण्यांवर प्री-वेडिंग शूटिंग करता येईल का?
— एक वाचक, कोंडाणे, ता. कर्जत

उत्तर : सर्वप्रथम बहिणीला आशीर्वाद. आता कामाचं.

ट्रेलर पाहून माणूस ठरवू नका. तीन मिनिटांत कोणाचंही लग्न देखणं दिसतं. दोघांनाही सांगा, की एका लग्नाची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची फिल्म दाखवा, आणि तीही दारातल्या मांडवातली. कर्जतच्या फार्महाऊसवर हिरवळ असते, हवे तसे दिवे लावता येतात. तुमच्याकडे अंगण, शेजारच्याची भिंत आणि डोक्यावर मांडवाचं कापड. त्या जागेत ज्याने चांगलं काम केलंय, तो तुमचा माणूस.

फिल्म बघताना अंतरपाटाचा क्षण शोधा. पाट मध्ये धरलेला असतो, त्यामुळे एका बाजूच्या कॅमेऱ्याला दुसरी बाजू दिसत नाही. शेवटचं ‘सावधान’ होतं, पाट बाजूला होतो, अक्षता पडतात आणि त्याच वेळी मोबाइल धरलेले वीस हात मध्ये येतात. नवरा-नवरी एकमेकांकडे पहिल्यांदा बघतात ते दोन-तीन सेकंद. परत घेता येत नाहीत. तिथे दोन कॅमेरे लागतातच, एक तिच्या चेहऱ्यावर आणि एक त्याच्या. कमी पैसे सांगणारा एकाच कॅमेऱ्याने करणार असेल तर फरक कुठला, ते इथे कळतं.

यापेक्षाही मोठी गोष्ट आवाजाची. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्या लग्नात मंगलाष्टकं माझ्या आत्याने म्हटली होती, स्वतः रचलेली. व्हिडिओवाल्याने त्या जागी सिनेमातलं गाणं घातलं. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. कॅसेटमध्ये तिचे ओठ हलताना दिसतात, शब्द एकही ऐकू येत नाही. चित्र थोडं हललेलं असतं तर मला चाललं असतं.

म्हणून व्हिडिओवाल्याला पहिला प्रश्न विचारा, ‘आवाज कसा घेणार?’ कॅमेऱ्यावरच्या माइकला मांडवातला सगळा गोंगाट येतो. जाणकार माणूस नवऱ्याला किंवा भटजींना कॉलर माइक लावतो, साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट तार घेतो आणि एक छोटा रेकॉर्डर वेगळा ठेवतो. रायगडातल्या आगरी घरांत हळदीला आणि लग्नाच्या विधींना धवलारीण धवले गाते. तुमच्या घरी ती येणार असेल तर तो रेकॉर्डर तिच्या शेजारी ठेवायला सांगा. हे धवले तोंडी चालत आलेले आहेत. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना जे येतं ते नातीला येईलच असं नाही. डीजे सुरू होण्याआधी त्यासाठी अर्धा तास राखून ठेवा, आणि जनरेटर मांडवापासून लांब, भिंतीच्या आड लावा. ही दोन कामं यजमानांची.

उजेडाचंही तसंच. लाल-पिवळ्या कापडाखाली दुपारी सगळे चेहरे लाल-पिवळे दिसतात आणि एडिटिंगमध्ये ते पुरतं सुटत नाही. बोहल्यावर तरी वर पांढरं कापड घ्या. कोंडाणं सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी, म्हणून सकाळचं ऊन डोंगरावरून उशिरा उतरतं. मुहूर्त गोरज असेल तर उजेड भराभर कमी होतो. जो व्हिडिओवाला आठ दिवस आधी मुहूर्ताच्या वेळेला येऊन जागा बघून जातो, त्याला व्यावसायिक म्हणायचं.

आता चित्रीकरणाच्या साठवणीकडे. ४के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिटने होत असेल तर एका कॅमेऱ्याला तासाला सुमारे ४५ जीबी जागा लागते. दोन कॅमेरे, सहा तास, म्हणजे ५४० जीबी. एवढं सगळं एकाच कार्डावर किंवा एकाच डिस्कवर राहता कामा नये. त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रत होणार का, हे विचारा. मूळ फुटेज हवं असेल तर स्वतःची हार्ड डिस्क द्या आणि ते ठरवतानाच लिहून घ्या. नंतर मागितलं तर अनेकदा पुसलेलं असतं.

लिहून घ्या म्हणजे काय? एक पान पुरे. हळद, लग्न, वरात यांच्या वेळा, किती माणसं आणि किती कॅमेरे, स्वतः कोण येणार, कारण दाखवायला एक आणि शूटिंगला दुसरा असं होतं, पूर्ण फिल्म किती तासांची, छोटी किती मिनिटांची, कधी मिळणार, दुरुस्त्या किती वेळा करून देणार, आगाऊ रक्कम किती आणि उरलेली कधी. शेवटचा हप्ता फिल्म हातात पडल्यावर. व्हिडिओवाल्याच्या दोन वेळच्या जेवणाचं आणि रात्रीच्या परतीच्या गाडीचंही त्यातच ठरवा. तोही घरातून सकाळी निघालेला माणूस असतो.

हक्काचं एक कलम माहीत असू द्या. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन करवून घेतलेल्या फिल्मचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, करवून घेणारा असतो. तेव्हा कागदावर सही करण्याआधी वाचा. बहिणीचा व्हिडिओ त्याच्या जाहिरातीत दिसायला नको असेल तर तेही लिहा. छोट्या फिल्मवर सिनेमाचं गाणं टाकून ती यूट्यूबवर चढवली, तर गाण्याच्या मालकाच्या दाव्याने आवाज बंद होऊ शकतो. तुमच्या घरातल्या धवल्यांवर मात्र असा दावा सांगायला कोणी येणार नाही. त्यांनाच पार्श्वसंगीत करा.

ड्रोन हवाच असेल तर ड्रोन नियम, २०२१ बघा. ड्रोनची नोंदणी हवी. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवणाऱ्याकडे पायलटचं प्रमाणपत्र हवं. ग्रीन झोनमध्येही सर्वसाधारणपणे १२० मीटरची मर्यादा आहे. कागद दाखवत नसेल तर ड्रोन नको म्हणा. वरातीचे दोन शॉट हुकले तरी लग्नाचं काही बिघडत नाही.

लेण्यांबद्दल. फिरायला जाऊन मोबाइलवर फोटो काढणं वेगळं. संरक्षित स्मारकात ट्रायपॉड, दिवे, कपड्यांच्या पेट्या घेऊन व्यावसायिक चित्रीकरण करायचं तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते. ती मिळाली तरी खांबांना टेकणं, धुराच्या नळकांड्या, रंग उधळणं नको. पावसाळ्यात धबधब्याखाली उभं करणारा व्हिडिओवाला तर पूर्ण टाळा. कर्जत-खालापुरातल्या धबधब्यांवर प्रशासनाने अनेक वर्षं मनाई आदेश काढले आहेत, ते माणसं दगावली म्हणून. तसंही प्री-वेडिंगला तुमचं शेत, उल्हास नदीचा काठ, कर्जत स्टेशनवरून घरी येणारी वाट काय वाईट? त्या जागा बहिणीच्या आहेत.

एवढं करूनही फिल्म मिळालीच नाही किंवा अर्धीच मिळाली, तर आधी लेखी नोटीस द्या. मग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. ते एक पान तिथे उपयोगी पडेल.

शेवटी तुमच्या गावचीच एक गोष्ट. कोंडाण्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूला एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, एवढंच त्यात आहे. मूर्ती फुटली, पण सुमारे दोन हजार वर्षांनंतरही करणाऱ्याचं आणि त्याच्या गुरूचं नाव वाचता येतं, कारण ते कोणीतरी आठवणीने कोरलं. तुम्हीही तसं करा. लग्नाआधी एका संध्याकाळी व्हिडिओवाल्याला घरी बोलवा, आजी कोण, मामा कोण, धवले कोण गाणार, हे बोट दाखवून सांगा, आणि फिल्मच्या शेवटी त्यांची नावं घालायला सांगा. दोघांपैकी जो वही काढून ती नावं लिहून घेईल, त्याला काम द्या.