बटण तू दाबतेस ना, मग ऐक

अगं, तू विचारलंस ते फार बरं केलंस. ‘ताई, निर्णय मशीनच देतं, मी फक्त बटण दाबते. मग एखाद्याचं कर्ज चुकीने नाकारलं गेलं तर दोष माझा की मशीनचा?’ तुझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या कितीजणांना हा प्रश्न पडतसुद्धा नाही. तुला पडला, म्हणून मनातलं सगळं सांगते.

आधी मशीनचं बघू. दोष घ्यायचा म्हणजे घेणाऱ्याचं काहीतरी गेलं पाहिजे. झोप उडाली पाहिजे, चार लोकांत मान खाली गेली पाहिजे, दंड भरावा लागला पाहिजे. मशीनचं यातलं काहीच जात नाही. २०१७ साली युरोपीय संसदेने एका ठरावात सुचवलं होतं, की स्वतःहून निर्णय घेणाऱ्या यंत्रांना कायद्यात काही वेगळं स्थान देता येईल का, याचा विचार व्हावा. त्यावर कायदा आणि तंत्रज्ञानातल्या जाणत्या मंडळींनी उघड पत्र लिहून विरोध केला. मला त्यांचंच पटतं. यंत्राला गुन्हेगार ठरवलं, की ते बनवणारा आणि त्यावर कमावणारा दोघेही मोकळे.

पण म्हणून दोष नाहीसा होतो असं नाही गं. तो वरून खाली सरकत येतो आणि सगळ्यात खाली जे माणूस बसलेलं असतं त्याच्या पदरात पडतो. आज तिथे तू बसली आहेस, म्हणून मला तुझी काळजी वाटते.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टेम्पी नावाचं शहर आहे. मार्च २०१८ मध्ये तिथे रात्री दहाच्या सुमारास एक बाई हातात सायकल धरून रस्ता ओलांडत होती. उबरची स्वयंचलित गाडी चाचणीसाठी रस्त्यावर होती, तिने या बाईला उडवलं आणि बाई गेली. गाडीत चालकाच्या जागी एक कर्मचारी बसलेली होती. तिचं काम एवढंच, की गाडी चुकायला लागली तर आपण ताबा घ्यायचा. त्या वेळी तिची नजर रस्त्यावर नव्हती, फोनवर कार्यक्रम चालू होता. चूक होतीच तिची, ती मी झाकत नाही.

पण अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली तेव्हा बाकीचंही बाहेर आलं. धडकेच्या सुमारे साडेपाच सेकंद आधी गाडीला समोर काहीतरी दिसलं होतं. मात्र ते काय आहे हे तिला ठरवताच येईना. कधी वाहन, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल. दरवेळी मत बदललं, की आधीची नोंद बाजूला आणि अंदाज पुन्हा पहिल्यापासून. झेब्रा क्रॉसिंग सोडून कुणी रस्ता ओलांडेल, हे त्या प्रणालीत धरलेलंच नव्हतं. ती गाडी मुळात व्होल्वोने बनवलेली, तिला व्होल्वोनेच दिलेला आपत्कालीन ब्रेक होता, पण गाडी स्वयंचलित असताना उबरने तो बंद ठेवलेला. आधी गाडीत दोन माणसं बसायची, काही महिन्यांपूर्वी एकच ठेवलं होतं. तासन्‌तास काही न करता फक्त बघत बसलं, की माणसाचं लक्ष उडतं. ही गोष्ट जुनी आणि सगळ्यांना ठाऊक असलेली, पण त्यावर उबरने पुरेसा उपाय केला नाही, असंही मंडळाने नोंदवलं.

हे सगळे निर्णय कुणीतरी बैठकीत बसून घेतले असणार ना? सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये सांगितलं, की उबरवर फौजदारी गुन्हा लावायला आधार दिसत नाही. खटला त्या एकटीवर झाला. २०२३ मध्ये तिने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांचं देखरेखीखालचं प्रोबेशन मिळालं. मॅडेलिन क्लेअर एलिश या अभ्यासक बाईंनी हे त्याआधीच ओळखलं होतं. धडक झाली की गाडीचा पुढचा भाग चेपतो आणि आतल्यांना वाचवतो. स्वयंचलित व्यवस्थेत तसाच मार खायला एक माणूस पुढे ठेवलेला असतो, आणि वाचते ती व्यवस्था, असं त्या मांडतात.

उलटंही घडतं, बरं का. कॅनडात एका माणसाची आजी गेली. घाईने तिकीट काढताना त्याने एअर कॅनडाच्या चॅटबॉटला विचारलं, तर उत्तर मिळालं, की घरात मृत्यू झाल्याची सवलत नंतर ९० दिवसांत अर्ज करून मिळेल. प्रत्यक्षात तसा नियमच नव्हता. प्रकरण ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणापुढे गेलं, तेव्हा चॅटबॉट स्वतःच्या वागण्याला स्वतः जबाबदार आहे, अशा अर्थाची बाजू कंपनीने मांडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने ती फेटाळली: संकेतस्थळ तुमचं, तर त्यावरच्या प्रत्येक माहितीची जबाबदारीही तुमची. व्याज, फी धरून सुमारे आठशे डॉलर त्या माणसाला मिळाले. रक्कम छोटी, पण निकाल वाचून मला मनापासून बरं वाटलं.

आता तुझ्याकडे येते. ती मेस चालवणारी बाई तू म्हणालीस, आधीचे हप्ते सगळे वेळेवर, तरी तिचा अर्ज पडद्यावर लाल, म्हणजे नाकारलेला. मशीन जुन्या फायलींवरून शिकतं. पगाराची स्लिप नसलेल्या बायकांना पूर्वी कर्ज मिळालंच नसेल, तर ते तेच गिरवणार. ॲमेझॉनने नोकरीचे अर्ज चाळायला असंच एक साधन बनवायला घेतलं होतं. दहा वर्षांचे जुने अर्ज, त्यात बहुतेक पुरुषांचे. झालं, ते बायकांच्या अर्जांना मागे टाकायला लागलं. कंपनीने शेवटी ते काम सोडून दिलं, ही बातमी २०१८ मध्ये जगभर झाली. त्या साधनाच्या मनात बायकांबद्दल आकस नव्हता, त्याला मनच नव्हतं. म्हणून तर माणूस बसवायचा असतो, आणि बसवलेल्या माणसाला खरंच बघू द्यायचं असतं.

तुला एका अर्जाला किती वेळ मिळतो गं? मिनिटभरही मिळत नसेल, तर तू तपासत नाहीस, तुझं फक्त नाव वापरलं जातंय. लाल का आलं, याचं कारण पडद्यावर दिसतं का? आणि तू लालचं हिरवं केलंस तर महिनाअखेरीला तुझे गुण कापतात का? या तिन्हीची उत्तरं साहेबांकडून मेलवर माग. तोंडी नको. भांडायच्या सुरात तर मुळीच नको. ‘मला हे काम नीट करायचं आहे, म्हणून विचारते,’ एवढं पुरे. जिथे पटत नाही तिथे शेऱ्यात साध्या शब्दांत लिही, की मशीनने नाकारलंय, माझ्या मते पुन्हा बघावं, कारण अमुक. ग्राहकांची माहिती मात्र घरी आणू नकोस, फोटोही काढू नकोस. तुझ्या वहीत तारीख आणि तू काय कळवलंस एवढंच असू दे.

घरचा हप्ता तुझ्या पगारावर आहे, मला माहीत आहे. म्हणून एकटीने पुढे होऊ नकोस. एकटं पडलं की काय होतं, ते ऐक. ब्रिटनमधल्या पोस्टात होरायझन नावाची संगणक प्रणाली आली आणि छोटी पोस्टं चालवणाऱ्यांच्या हिशेबात पैसे कमी दिसायला लागले. चूक प्रणालीची होती, पण १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून जास्त लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. मदतीसाठी फोन केला तर कितीजणांना ऐकावं लागलं, की असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. त्या एका वाक्याने लोक आतून खचले. ॲलन बेट्स नावाच्या गृहस्थांनी अशा सगळ्यांना शोधून एकत्र आणलं, ५५५ जण कोर्टात उभे राहिले, आणि २०१९ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं, की प्रणालीत दोष होते. तर उद्या डब्याच्या वेळी बाकीच्या मुलींना आधी विचार, त्यांच्याही पडद्यावर असे लाल अर्ज येतात का. येत असतील तर मेल तिघी-चौघींच्या नावाने जाऊ दे. पाठवायच्या आधी मला वाचून दाखव, मी रात्री अकरापर्यंत जागीच असते.