इस्त्रीचा डाग

आमच्या घरी विजेची एकच इस्त्री आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे भाईजान नोकरीच्या मुलाखतीसाठी नाशिकला जाणार होता. त्याच्याकडे चांगला पांढरा सदराही एकच. अम्मीने मला सांगितले, "सदऱ्याला इस्त्री करून ठेव."

मी आधी माझी ओढणी घेतली. ती नायलॉनची होती. इस्त्रीची चकती मात्र तीन ठिपक्यांवर होती. इस्त्री टेकवताच 'चर्र' असा आवाज झाला आणि उग्र वास सुटला. ओढणीला भोक पडले. वितळलेले नायलॉन इस्त्रीच्या तळाला चिकटून बसले. आता ही इस्त्री सदऱ्यावर कशी फिरवायची? मला रडूच आले.

मी बटण बंद केले, प्लग काढला आणि सुरी आणायला धावले. आपाने मला अडवले. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकते.

"सुरीने तळावर ओरखडे पडतील. मग कापड अडकेल. आधी सांग, हा डाग कशाचा आहे?"

"नायलॉनचा."

"नायलॉनचे काही प्रकार सुमारे 220 अंश सेल्सिअसला वितळतात. त्याआधीच ते मऊ होतात. सुती कपड्यासाठी इस्त्री सुमारे 200 अंशांपर्यंत तापते. म्हणून नायलॉनला एक ठिपका, रेशीम आणि लोकरीला दोन, सुती कापडाला तीन."

तोपर्यंत नायलॉन घट्ट झाले होते. आपाने इस्त्री किंचित गरम केली आणि पुन्हा प्लग काढला. नायलॉन मऊ होताच तिने लाकडी उलथन्याने ते हळूहळू खरवडले. तिने माझा हात मात्र इस्त्रीजवळ येऊ दिला नाही. उरलेला थर तिने जाड सुती फडक्यावर घासून काढला. हे तीन-चार वेळा करावे लागले.

तळ गार झाल्यावर एक तपकिरी डाग दिसला. तो जुना होता. अब्बांच्या कुर्त्याला लावलेली खळ तेथे करपली होती. खळ म्हणजे स्टार्च. तिला पाणी लागले की ती सैल होते. आपाने खाण्याच्या सोड्यात थोडे पाणी घालून लेप केला. तो ओल्या फडक्याने तळावर चोळला आणि दुसऱ्या फडक्याने पुसून घेतला. आमच्या इस्त्रीचा तळ साधा आहे. काळा, न चिकटणारा थर असलेल्या तळाला सोडा चोळू नये. साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेले फडके पुरे. इस्त्री नळाखाली तर कधीच धरू नये.

शेजारच्या खाला हे सारे पाहत होत्या. त्यांनी आपली वाफेची इस्त्री आणली. तिच्या छिद्रांभोवती पांढरा थर जमला होता. आपा म्हणाली, "खाला, तुम्ही बोअरिंगचे पाणी घालता ना? ते दुष्फेन असते. तापल्यावर त्यातले क्षार मागे राहतात. ते आम्लात विरघळतात." तिने कापसाचा बोळा सिरक्यात बुडवून थरावर लावला. बारीक बुडबुडे आले. तो कार्बन डायऑक्साइड वायू होता. "सिरका आणि ब्लीचिंग पावडर मात्र कधी एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो," असेही तिने बजावले.

रात्री दहाला मी इस्त्री आधी जुन्या चादरीवर फिरवून पाहिली. चादर स्वच्छ राहिली. मग सदरा घेतला. तेव्हा माझा हात थरथरत होता.

पहाटे भाईजान तोच सदरा घालून एस. टी.ने गेला. ओढणीचे भोक अम्मीने नंतर वेलबुट्टीने झाकले.

शब्दार्थ
उग्र – तीव्र. करपणे – जळून काळपट होणे. दुष्फेन पाणी – ज्यात साबणाचा फेस नीट होत नाही असे पाणी. बजावणे – ताकीद देणे.

स्वाध्याय
1. आपाने सुरी का वापरू दिली नाही?
2. सिरका लावल्यावर बुडबुडे का आले?
3. 'डाग' आणि 'दाग' यांसारखे मराठीत व उर्दूत जवळचे असलेले पाच शब्द लिहा.