फक्त सोमवारीच न सुरू होणारी व्हॅन



गेल्या वर्षी शाळेने एक वापरलेली व्हॅन विकत घेतली, हे आपणांस ठाऊक आहेच. ती आल्यापासून दर सोमवारी सकाळी सहा वाजता एकच देखावा दिसे. ड्रायव्हर काका किल्ली फिरवीत, इंजिन 'टक्' एवढाच आवाज करी आणि मग आजूबाजूचे चार जण धक्का मारायला येत. मंगळवार ते शनिवार मात्र गाडी बिनतक्रार चाले.

आम्ही जो निष्कर्ष काढला तो सोपा होता आणि चुकीचा होता. काका शनिवारी आतला दिवा बंद करायला विसरत असतील, असे आम्ही ठरवून टाकले. दोनदा टोकले, तिसऱ्यांदा लेखी समज दिली. ते म्हणाले, "सर, मी दोनदा बघून मगच कुलूप लावतो." आम्ही ऐकून घेतले, पण मानले नाही. मग एका मिस्त्रीच्या सांगण्यावरून ४,३०० रुपयांची नवी बॅटरी बसविली. तीन सोमवार बरे गेले, आम्हालाही बरे वाटले. चौथ्या सोमवारी पुन्हा धक्का.

तेव्हा आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी प्रयोगशाळेतला मल्टिमीटर बाहेर काढला आणि नववी-दहावीच्या मुलांना पटांगणात बोलाविले. (आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातले. 'प्रतिरोध' म्हणजे मराठीतला 'रोध', हे आम्ही त्या दिवशी मुलांकडून शिकलो.)

आधी व्होल्टेज. गाडीच्या शिशाच्या बॅटरीत सहा घट असतात. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. १२.२ म्हणजे अर्धी रिकामी, आणि १२ च्या खाली गेली की संपलीच समजावी. आमची बॅटरी शनिवारी दुपारी १२.६ होती, सोमवारी ११.७. इंजिन चालू केल्यावर मीटरने १४.२ दाखविले, म्हणजे अल्टरनेटर बॅटरी नीट भरत होता. मग भरलेली वीज दीड दिवसात जाते कुठे?

हे शोधायचे तर वीजप्रवाह मोजावा लागतो, आणि त्यासाठी मीटर वाटेतच बसवावा लागतो. गाडी बंद, किल्ली बाहेर, दारांचे स्विच दाबून त्यांवर चिकटपट्टी, म्हणजे आतला दिवा लागणार नाही. मग बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडविले आणि टर्मिनल व तार यांच्यामध्ये मीटर जोडला, त्याची तार १० अँपिअरच्या खोबणीत घालून. ऋणच का? गाडीचा सारा पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टोक आधी सोडविताना पाना पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन जवळच असतो. आणखी एक, मीटर असा जोडलेला असताना किल्ली कधीही फिरवू नये. स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज त्याच क्षणी उडेल.

घड्याळ आणि तत्सम गोष्टींसाठी बंद गाडी थोडी वीज घेतेच. ०.०५ अँपिअरपर्यंत काळजी नाही. नव्या गाड्यांतील संगणक झोपी जायला अर्धा तासही लागतो, म्हणून घाईने वाचू नये. आमचा आकडा अर्ध्या तासानंतरही ०.७२ होता.

मुलांनी लगेच फळ्यावर गणित मांडले. शनिवारी दुपारी दोन ते सोमवारी सकाळी सहा, म्हणजे ४० तास. ४० गुणिले ०.७२ बरोबर २८.८ अँपिअर-तास. बॅटरी ३५ ची. उरले सहाच्या आसपास, त्यात इंजिन फिरत नाही. एरवीच्या दिवशी १६ तासांत साडेअकरा जात आणि दिवसाच्या फेऱ्यांत ते भरून निघत. सोमवारचे कोडे तिथेच सुटले. शनिवारचा दिवा विसरल्याचा आमचा सिद्धांतही तिथेच संपला, कारण दिवा तर आमच्या डोळ्यांदेखत बंद होता.

आता दोषी कोण? एकेक फ्यूज काढायचा आणि मीटरकडे बघायचे. ज्या फ्यूजने आकडा पडेल, त्या वाटेत गडबड. आम्ही सगळे फ्यूज काढले, आकडा जवळपास जागच्या जागी! अल्टरनेटरमधला डायोड बिघडला तरीही वीज अशी झिरपते, म्हणून त्याची तार सोडवून पाहिली. तरी तेच. शिक्षकही बुचकळ्यात पडले.

तेवढ्यात नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, धन टर्मिनलवर ही दुसरी लाल तार कसली?"

ती तार फ्यूजच्या पेटीत न जाता थेट गालिच्याखाली गेली होती. गालिचा उचलला तर सीटखाली धुळीने माखलेला एक अ‍ॅम्प्लिफायर! आधीच्या मालकाने गाण्यांसाठी बसविलेला. गाडी विकताना टेप आणि स्पीकर काढून घेतले, हा राहून गेला. त्याला 'चालू हो' सांगणारी बारीक तार कुणीतरी थेट धन टोकाला बांधली होती, म्हणून तो रात्रंदिवस जागा. स्पीकरच नाहीत, मग आवाज कुठून येणार? हात लावला तर कोमट लागला. त्याची तार सोडविली, फ्यूज परत बसविले, आणि मीटर ०.०३ वर आला.

जुनी बॅटरी मात्र परत येणार नाही. वारंवार पूर्ण उतरलेल्या बॅटरीत प्लेटांवरचे लेड सल्फेट कडक होते आणि मग ती पूर्ण भरत नाही. म्हणजे जुनीही याच कारणाने गेली असावी. विश्वस्तांनी हा खर्च आमच्या घाईच्या खाती मांडावा. ०.०३ सुद्धा उन्हाळ्याच्या ४० दिवसांत २९ अँपिअर-तास खाईल, तेव्हा सुट्टीत ऋण टर्मिनल सोडून ठेवण्याची सूचना दिली आहे. ज्या पालकांनी जुनी गाडी घेतली आहे, त्यांनी धन टर्मिनलवरच्या तारा एकदा मोजून पाहाव्यात.

ड्रायव्हर काकांना दिलेली लेखी समज आम्ही सर्व मुलांसमोर परत घेतली. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारले, "सर, आता त्या डब्याचं काय करायचं?" डबा सध्या प्रयोगशाळेत आहे.