गावांच्या नावांचा पाठ : लाखनी परिसरातील काही उदाहरणे

परिसराचा भूगोल शिकविताना विद्यार्थ्यांकडून हटकून येणारा प्रश्न म्हणजे, ‘गुरुजी, आपल्या गावास हे नाव कसे पडले?’ प्रश्न सोपा वाटतो आणि त्यामुळेच त्याचे उत्तर घाईने दिले जाते. गुरुजींनी सांगितलेले उत्तर मूल घरी नेते. वीस वर्षांनी तेच उत्तर गावाची जुनी परंपरा म्हणून शाळेत परत येते.

लाखनीचेच नाव घ्यावे. ‘लाख’ हा उच्चार मराठीत तीन निरनिराळ्या वस्तूंचा आहे. एक संख्या, ती संस्कृत ‘लक्ष’ शब्दापासून आली. दुसरी पळस, कुसुम व बोर या झाडांवरील कीटकांपासून मिळणारी लाख. तिचे मूळ ‘लाक्षा’. तिसरे कडधान्य, जे धान कापणीपूर्वी बांधीतल्या ओलीवर फेकून पेरतात व ज्यास लाखोळी अथवा लाखोरी म्हणतात. या भागास पळसही परके नाहीत आणि लाखोळीही नाही. तेव्हा केवळ उच्चारसाम्यावरून यांतील एकाची निवड करून ती फळ्यावर लिहिणे योग्य नव्हे. तिन्ही अर्थ वर्गापुढे मांडावेत, आणि शेजारच्या लाखोरी गावाचे व जिल्ह्यातील लाखांदूरचे नाव त्यांच्याजवळ लिहावे. लाखांदूर म्हटले की पालांदूर आठवते. दोहोंचा शेवट सारखा. एकट्या नावापेक्षा अशी जोडी अधिक बोलते. (रोमन लिपीतील पाटी वाचून मुले लाखनीचा उच्चार ‘लाखाणी’ या आडनावासारखा करू लागली, तर तेही त्याच तासात सुधारावे.)

उच्चारसाम्य किती फसवे असते, हे भंडारा या नावावरून समजते. भांडार होते म्हणून भंडारा, पितळी भांडी होत म्हणून भंडारा, अशा व्युत्पत्ती सांगितल्या जातात. पितळकाम तेथे खरोखरच प्रसिद्ध होते, म्हणून दुसरी पटतेही. परंतु रतनपूरच्या कलचुरी राजा जाजल्लदेव याच्या इ. स. १११४ च्या शिलालेखात त्यास वार्षिक भेट देणाऱ्या प्रदेशांची यादी आहे. तीत वैरागर व लांजिका, म्हणजे आजची वैरागड व लांजी, यांच्यासमवेत ‘भाणार’ असे नाव येते. त्यात ‘ड’ नाहीच. म्हणजे आधी जुने रूप शोधावयाचे, अर्थ मागाहून लावावयाचा. हा क्रम उलटला की कथा तयार होते.

सगळीच नावे इतकी अवघड नाहीत. पिंपळगाव, पळसगाव यांस स्पष्टीकरण नको. अर्जुनी म्हणताच अर्जुनवृक्ष आठवतो. सावरी म्हणताच काटेसावर. मात्र झाडे सर्वत्र असल्याने एकाच नावाची अनेक गावे झाली, आणि टपाल व महसुलाच्या सोयीसाठी त्यांस जोडनावे लागली. मुरमाडी (सावरी) व मुरमाडी (तुपकर) ही तशीच. नागपूर-रायपूर सडकेवरचे म्हणून पिंपळगाव (सडक). त्याच सडकेमुळे गोंदिया जिल्ह्यातील एक अर्जुनी ‘सडक अर्जुनी’ झाली व दुसरी ‘अर्जुनी मोरगाव’ राहिली. परक्यास हे नाव विचित्र वाटते. येथल्या मुलास त्यात रस्त्याचा इतिहास दिसावा. नवेगावबांध, शिवनीबांध या नावांतील ‘बांध’ तळ्याची साक्ष देतो. ‘रिठी’ म्हणजे ओसाड गाव. वस्ती उठली तरी दप्तरात नाव उरते. ‘खुर्द’ व ‘बुद्रुक’ हे फारसीतून आलेले शब्द, अनुक्रमे धाकटे व थोरले.

या खुर्दावरून गोसेखुर्द आठवणे अपरिहार्य आहे. पवनी तालुक्यातील वैनगंगेवरच्या या धरणाची कोनशिला १९८८ साली बसली. पाणी चढले, गावे उठली आणि नव्या जागी पुन्हा त्याच नावांनी वसली. नाव आले, परंतु ज्या झाडावरून, तळ्यावरून वा टेकाडावरून ते पडले असेल, ते आले नाही. अशा पुनर्वसित गावच्या शाळेत हा पाठ नकाशाने आरंभू नये. मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांस जुन्या गावातील बांध्यांची, बोड्यांची व पांदणींची नावे विचारावीत, ती जशी उच्चारली जातात तशीच लिहावीत, आणि सांगणाऱ्याचे वय व लिहिल्याची तारीख बाजूस नोंदवावी. ती वही शाळेच्या दप्तरात ठेवावी. पुढील वर्गाने तीत भर घालावी.